धुरकट जांभळा, सव्वा वर्षानंतर

आधीच सांगते, भिंतीच्या रंगातली मी जाणकार नाही. मी ब्लाऊज शिवते आणि साड्यांना फॉल-बिडिंग करते. साताऱ्यात मंगळवार पेठेत, घराच्या पुढच्याच खोलीत मशीन टाकलंय, त्याला २२ वर्षं झाली. पण कापडामुळे रंगाशी रोजची गाठ, आणि या २२ वर्षांत मला सगळ्यात जास्त कुणी रडवलं असेल तर जांभळ्याने. लाल साडीला लाल अस्तर एका फेरीत मिळतं. जांभळ्या साडीला मॅचिंग सेंटरच्या तीन फेऱ्या. दुकानात ट्यूबखाली रीळ, अस्तर, फॉल सगळी सख्खी भावंडं वाटतात; रस्त्यावर उन्हात आणली की तिघांची तीन आडनावं.

एवढं माहीत असून गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी घरात जांभळा दिला. ओळखीच्या बायका फोन करून विचारतात, कसा वाटतो, द्यावा का. प्रत्येकीला तेच तेच सांगून कंटाळले, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

रंग कुठला ते आधी. जांभळाचा जांभळा नव्हे, नवरात्रातला तर नव्हेच. आपल्याकडे साड्यांच्या रंगांना काय सुंदर नावं आहेत: अंजिरी, आमसुली, चिंतामणी, वांगी. हा त्यातला एकही नाही आणि सगळ्यांचा थोडा थोडा आहे. सोलकढीत चिमूटभर राख पडली तर जसा होईल तसा. सासूबाईंनी पहिल्या दिवशी एकच शब्द वापरला, "सुतकी." मी धुरकट म्हणते.

माझ्याकडे तो आला एका चिंधीतून. आठ-नऊ वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने टू बाय टूचं कापड आणून ब्लाऊज शिवायला टाकला आणि तो न्यायला ती आलीच नाही. उरलेला तुकडा मी सुया टोचायच्या उशीला लावला. रोज डोळ्यांसमोर. धुऊन धुऊन, ऊन खाऊन त्याचा भडकपणा गेला आणि जो उरला तो मला आवडायला लागला. बेडरूमला रंग काढायचा ठरला तेव्हा मी उशी उसवली आणि तो तुकडा पर्समध्ये टाकून पोवई नाक्याकडच्या रंगाच्या दुकानात गेले.

दुकानातल्या पोराने शेडकार्डाची जाडजूड वही पुढे केली. पानंच्या पानं जांभळी, आणि नावं अशी की वाचूनही रंग डोळ्यांपुढे येऊ नये. मी चिंधी काढली. "काकू, कापडाचं रीडिंग बरोबर येत नाही," तो म्हणाला. तरी त्याने ते छोटं यंत्र कापडावर टेकवलं. स्क्रीनवर आला तो चक्क गुलाबी. मग मीच म्हटलं, अरे, हे पातळ कापड आहे, खालचं टेबल आरपार दिसतंय त्याला. चार घड्या घालून धर. चार घड्या घातल्यावर बरोबर आला. ही युक्ती लक्षात ठेवा. कापडावरून रंग काढायचा असेल तर पातळ कापड एकपदरी देऊ नका.

मशीन पांढऱ्या बेसमध्ये कुठला रंग किती सोडणार ते स्क्रीनवर दिसतं. मला वाटलं होतं लाल आणि निळा, संपलं. तसं नव्हतं. त्यात काळा होता, आणि थोडासा पिवळाही. पिवळा बघून मी चमकले. पण जांभळ्याच्या विरुद्ध बाजूचा रंग पिवळाच. तो थेंबभर घातला की जांभळ्याचा तोरा उतरतो. भडक आणि धुरकट यांतला सगळा फरक त्या काळ्या-पिवळ्याच्या थेंबांचा. पोराने ते आकडे झाकणावर चिकटवायच्या चिठ्ठीवर छापून दिले. ती चिठ्ठी जपून ठेवा. का, ते पुढे येईलच.

आधी एकच लिटर घेतला, ५४० रुपयांचा, केवळ नमुन्याला. आमचे हे म्हणाले, "भिंतीआधी कागद रंगवायला ५४० रुपये?" हे एसटीत वाहक, हिशेबाला पक्के. मी ऐकलं नाही. मुलीचे जुने ड्रॉइंगचे कागद काढले, पाच कागदांना दोन-दोन हात मारले आणि घरात पाच ठिकाणी चिकटवून आठ दिवस नुसती बघत बसले. सगळ्या खर्चात मला विचाराल तर ५४० रुपयांएवढं मोल कशाचंच नाही.

सकाळी सातला बेडरूमच्या पूर्वेच्या खिडकीतून ऊन आलं की कागद गुलाबीकडे झुकायचा, अगदी प्रसन्न. अकरानंतर ऊन सरकलं की राखी. संध्याकाळची गंमत वेगळीच. आपल्या साताऱ्यात पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर, थंडीत सूर्य त्याच्याआड लवकर जातो. आकाश उजेड धरून असतं, पण ऊन नसतं. त्या अर्ध्या-पाऊण तासात पुढच्या खोलीतला कागद निळसर दिसायचा, कबुतराच्या मानेसारखा. आणि रात्री पांढरी ट्यूब लावली तर सिमेंट, पिवळा बल्ब लावला तर आमसूल.

एकच डबा, एकच कागद, आणि दिवसाला चार रंग. सगळेच रंग उजेडाप्रमाणे थोडे हलतात, पण लाल-निळ्याच्या मधोमध बसलेला हा रंग फारच हलतो. उजेडात तांबूसपणा जास्त असेल तर त्याच्यातला लाल पुढे येतो, निळसर असेल तर निळा. त्यात काळा घालून तो आधीच दबलेला, म्हणजे स्वतःचा आवाज कमी, समोरच्याचं ऐकणं जास्त. त्यामुळे "जांभळा चांगला दिसतो का" या प्रश्नाला मी उलटा प्रश्न विचारते: त्या खोलीत तुम्ही किती वाजता असता, आणि दिवा कुठला लावता?

दिव्याचं तर सगळ्यात आधी बघा. एलईडीच्या खोक्यावर आकडा असतो, ६५०० के, ४००० के, ३००० के असा. के म्हणजे केल्विन. आकडा मोठा तेवढा उजेड निळसर पांढरा, लहान तेवढा पिवळट. आमच्या बेडरूमला ६५०० ची ट्यूब होती. तिच्याखाली हा रंग मेलेला दिसायचा, सासूबाईंचा शब्द अगदी खरा ठरायचा. ३००० ला चॉकलेटी व्हायला लागला. ४००० चा दिवा लावला तेव्हा उशीवरच्या चिंधीच्या जवळ आला. आधी दिवे बदलले, मग भिंत रंगवली. उलटं केलं असतं तर रंगाला शिव्या घातल्या असत्या.

पेंटर आमच्या ओळखीचे, पिढीजात. हजेरी ९००, आणि काम नेटकं. पहिले दोन दिवस त्यांनी नुसती भिंत खरवडली, कारण आधीचा फिका हिरवा डिस्टेंपर होता. तो तसाच ठेवून वर प्लास्टिक मारलं की वर्षा-दोन वर्षांत पोपडे सुटतात. खरवडून, पुट्टीचे दोन हात, घासून प्रायमर. प्रायमरला मी जरा कुरकुरले तर म्हणाले, "वहिनी, हिरव्याव जांभळा मारला तर आतनं हिरवा बोलतोय." बरोबरच होतं. अस्तर चुकीचं लावलं की वरची साडी कशी बिघडते ते मला वेगळं सांगायला नको होतं.

रंगाचा पहिला हात बसला आणि माझं धाबं दणाणलं. भिंत स्ट्रॉबेरीच्या दुधासारखी. मी जिन्यावरून ओरडले, "मामा, थांबा, डबा बदलला का?" ते हसायला लागले. "वाळू द्या. वला हाय तवर दूधच दिसणार." हे प्लास्टिक रंग ओले असताना पांढुरके दिसतात आणि वाळताना गडद होतात. तासाभराने येऊन बघितलं तर माझा रंग जागेवर होता. कुणी नव्याने हा रंग देणार असाल तर पहिल्या तासात भिंतीकडे बघूच नका. चहा करा.

खोली १० बाय ११, उंची साडेनऊ फूट. दार, खिडकी आणि भिंतीतलं कपाट सोडून साधारण ३२० चौरस फूट. ४ लिटरचा डबा आणला होता, दोन हातांना सव्वातीन लिटर गेले, पाऊण लिटर उरला.

तर बेडरूम. ही खोली जमली, आणि अशी जमली की मी आता दुपारी दहा मिनिटं उगाच जाऊन बसते. खाली शहाबादी फरशी आहे, जुनी, निळसर राखी. ती इतकी वर्षं गरीब दिसायची. भिंतीला हा रंग आल्यावर ती मुद्दाम आणून बसवल्यासारखी दिसायला लागली. सागाचं कपाट आहे, त्याच्या तांबूस लाकडालाही उठाव आला. यांना रात्रपाळी असली की दिवसा झोपायचं असतं. आधी हिरवी भिंत उन्हात चकाकायची, आता दार-खिडकी लावली की खोली मऊ होते.

पण उजेड खाते ही खोली, हे खरं. काही शेडकार्डांच्या मागे एलआरव्ही नावाचा आकडा असतो, भिंत किती उजेड परत फेकते त्याचा. काळ्याला ०, पांढऱ्याला १००. आमच्या रंगाशी जवळपास जुळणाऱ्या कार्डावर ४१ होता. म्हणजे निम्म्याहून जास्त उजेड भिंत गिळणार. एका दिव्यावर भागेना, दुसरा लावावा लागला. वीजबिलात विशेष फरक नाही, पण रंगाच्या बजेटमध्ये एक दिवा आणि वायरमन धरून ठेवा.

छताचं एक सांगते. मला छत मोतिया हवं होतं, सगळ्यांकडे असतं तसं. नमुन्याचा कागद छताला धरून बघितला आणि बेत रद्द केला. पिवळसर पांढऱ्याच्या शेजारी हा धुरकट रंग एकदम जास्त जांभळा वाटायला लागतो, लहान मुलांच्या खोलीसारखा. साधा पांढरा, त्यात किंचित राखी, असं छत केलं. मग भिंत शांत बसली.

आषाढात या खोलीने मला थोडं घाबरवलं. आपल्याकडे पाऊस लागला की आठ-आठ दिवस ऊन नसतं, अजिंक्यतारा सुद्धा ढगात गडप. त्या उजेडात भिंती निळ्या-करड्या दिसायला लागल्या आणि खोली गार वाटायला लागली, खरोखर गार. मी लालसर विटकरी चादर टाकली, उशांना मोहरी रंगाचे अभ्रे शिवले. घरचंच कापड, तासाभराचं काम. खोली सावरली. भाद्रपदात ऊन आल्यावर मात्र तेच अभ्रे भडक वाटायला लागले आणि मी ते काढून ठेवले. थोडक्यात, या रंगाला साडीसारखे ऋतूप्रमाणे ब्लाऊज बदलावे लागतात.

आता देवघर. देवघर म्हणजे स्वयंपाकघराच्या भिंतीतला कोनाडा, दीड फूट बाय दोन. नमुन्याच्या लिटरातला थोडा रंग होता, मी न विचारता कोनाड्याच्या आतून मारून टाकला. सासूबाई काकड्याला उठल्या, दिवा लावला आणि जी हाक मारली ती शेजारी ऐकू गेली. "देवाला सुतकी रंग?" दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी गुरुवार, त्यांनी पितळेचे देव चिंचेने घासून परत बसवले आणि समई लावली. मी मागून बघत होते. पितळ पिवळं, मागे धुरकट जांभळं, मधे ज्योत. एवढ्याशा कोनाड्यात बाळकृष्ण पहिल्यांदा नीट दिसला, आधीच्या पांढऱ्यावर तो नुसता चकाकायचा. सासूबाई काही बोलल्या नाहीत. मात्र मे महिन्यात जाऊबाई आल्या तेव्हा त्यांना हाताला धरून कोनाड्यापाशी नेलं आणि म्हणाल्या, "आमच्या देवाची बसायची जागा बघितली का?" सुतकी हा शब्द त्यानंतर या घरात निघालेला नाही. कोनाड्याच्या वरच्या बाजूला समईची काजळी धरते, पण ती या रंगात पांढऱ्याइतकी दिसत नाही, हा वरचा फायदा.

आता जिथे फसले ते. उरलेला पाऊण लिटर वाया कशाला घालवायचा म्हणून शिवणखोलीत आरशासमोरच्या भिंतीला दिला. गिऱ्हाईक ब्लाऊज घालून आरशात बघतं तेव्हा मागे जी भिंत दिसते, ती. काय छान दिसत होती! पहिला आठवडा सगळ्या बायकांनी कौतुक केलं, दोघींनी तिथे उभं राहून फोटो काढले.

मग एक बाई मोतिया पैठणीवरचा ब्लाऊज घालून बघत होत्या. आरशात बघता बघता म्हणाल्या, "ताई, ही पिवळी का दिसतीय? दुकानात मोतिया होती हो." मी म्हटलं, दिव्यामुळे असेल. मग त्यांनी स्वतःच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि हळूच विचारलं, "मी बारीक झालेय का? तोंड उतरल्यासारखं वाटतंय." तेव्हा माझं लक्ष गेलं. भिंतीसमोर त्यांचा गव्हाळ रंग कावीळ झाल्यासारखा दिसत होता. त्यांना मी बाहेर ओट्यावर आणलं, हातात लहान आरसा दिला. साडी मोतिया, चेहरा ठणठणीत.

कारण साधं आहे, आणि खरं तर मला आधीच कळायला हवं होतं. डोळ्यांपुढे मोठा जांभळा पसरलेला असला की त्याच्या शेजारची प्रत्येक वस्तू डोळ्याला त्याच्या उलट्या बाजूला, म्हणजे पिवळ्याकडे, ढकललेली दिसते. कोनाड्यात पितळ उठून दिसलं तेही त्यामुळेच, आणि पैठणी बिघडली तीही त्यामुळेच. पितळेला पिवळं दिसायचं असतं. बाईला नसतं.

बरं, तरी मी लगेच शहाणी झाले नाही. आठवड्याने त्याच भिंतीशी धरून एका श्रीखंडी साडीचं अस्तर निवडलं, कापलं, शिवलं. दुसऱ्या दिवशी उन्हात बघते तर अस्तर एक घर जास्त पिवळं. सगळं उसवून नवं घातलं, कापडाचे १४० रुपये आणि अर्धा दिवस माझ्या खिशातून. त्याच रविवारी पेंटरमामांना बोलावून ती भिंत परत पांढरी केली. जांभळ्यावर पांढरा एका हातात बसत नाही. प्रायमर आणि दोन हात लागले तेव्हा कुठे आतला रंग दिसेनासा झाला. ज्यांचं काम रंग बघण्याचं आहे, टेलर, ब्यूटी पार्लर, फोटो स्टुडिओ, त्यांनी कामाच्या जागी हा रंग आणू नये. घरातही जिथे उभं राहून केस विंचरता, कुंकू लावता, त्या आरशासमोर नको. सकाळी सकाळी स्वतःचं तोंड उतरलेलं कुणाला बघायचंय?

जिन्याची गोष्ट निराळी, तिथे चूक रंगाची नव्हती. नमुन्याच्या डब्यातलं जे राहिलं होतं ते जिन्याला लावलं आणि निम्म्यात संपलं. पहिलं दुकान त्या दिवशी बंद. पेंटर खोळंबलेले. मी दुसऱ्या दुकानात गेले, नाव लिहीत नाही, चिठ्ठी दाखवली. त्यांनी चिठ्ठीवरचे आकडे टाकून लिटर बनवून दिला, झाकणावर ठिपका लावून दाखवलाही. जुळला. भिंतीवर वाळला तेव्हा सातव्या पायरीपासून पुढे ठिगळ. रंग तोच, पण हा किंचित चकाकणारा निघाला, पहिला मॅट होता. आकडे बघितले, बेस कुठल्या प्रकारचा ते ना मी विचारलं ना त्यांनी सांगितलं. परत गेले तर म्हणाले, टिंट केलेला माल परत घेत नाही. तो नियम सगळीकडेच असतो म्हणे, पण चकाकीचं बोलायला तोंडाला कुलूप होतं का?

वर मला स्वतःचाच राग आला. साडीला कापड कमी पडलं की त्याच ताग्यातलं मिळालं तरच घ्यायचं, दुसऱ्या ताग्याचं कापड त्याच नंबरचं असलं तरी जुळत नाही, हे मी गिऱ्हाइकांना २२ वर्षं सांगतेय. रंगाचंही अगदी तसंच. लागेल तेवढा एकदम घ्या, दोन डबे झाले तर मोठ्या बादलीत एकत्र कालवून मगच भिंतीला लावा, आणि एक वाटीभर रंग हवाबंद बरणीत ठिगळासाठी राखून ठेवा.

मॅट घ्यावा की चकाकीचा? आमच्या घरासारख्या जुन्या भिंती असतील, थोड्या पोट सुटलेल्या, तर मॅट. चकाकीत प्रत्येक उंचवटा उजेड पकडतो आणि धुरकट रंगाचा धूर जातो, नुसतं प्लास्टिक दिसतं. पण मॅटचा त्रास आहे. जिन्यात कठड्याच्या बाजूला मुलं हात टेकवत चढतात, तिथे तेलकट पट्टा आला. ओल्या फडक्याने पुसलं तर डाग गेला आणि जागा गुळगुळीत होऊन चमकायला लागली. आता डाग नाही, पण पुसल्याचा डाग आहे. माझ्या टेलरिंग चॉकचे ओरखडे तर विचारू नका, जांभळ्यावर पांढरा चॉक पाटीवर उमटावा तसा उमटतो.

आणि ओल. जिन्याची भिंत डोंगराच्या अंगाची. जुलैअखेर खालच्या दोन फुटांत पांढरी पूड फुटली, लोणा. भिंतीत मुरलेलं पाणी बाहेर येताना आतले क्षार घेऊन येतं आणि वाळताना ते वर ठेवून जातं. लोणा आधीही येत असणार, पण तेव्हा भिंत चुन्याने पांढरी, पांढऱ्यावर पांढरं कोण बघतंय. जांभळ्यावर तो भाकरीचं पीठ सांडल्यासारखा दिसतो. मामांनी आधीच सांगितलं होतं, "वली भित हाय, फिका रंग घ्या." मी नाही ऐकलं. या पावसाळ्याआधी खालचे तीन फूट खरवडून बाहेरून वॉटरप्रूफिंग करायचं ठरलंय. तोवर तिथे चपलांचा स्टँड ठेवलाय.

रंग बघायला येणारी निम्मी माणसं म्हणतात, "अगदी कास!" आपल्याला २५ किलोमीटरवर कास आहे, २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, त्यामुळे जांभळं काही दिसलं की कासच सुचतं. पण नाही हो. सीतेची आसवं सप्टेंबरात सडाभर फुलतात तो जांभळा ताजा, निळसर, टपोरा, आणि खाली हिरवं गवत, वर ढग. सात वर्षांनी कारवी फुलते तेव्हाही तसंच. तो रंग उघड्यावर शोभतो. चार भिंतींत कोंडला तर दोन दिवसांत डोकं धरेल. एका मैत्रिणीने हौसेने तसा दिला हॉलला, संक्रांतीपर्यंत टिकला.

मुलगी बीएस्सीला आहे, रसायनशास्त्र. तिने यावर माझं एक ज्ञान वाढवलं. १८५६ मध्ये लंडनमध्ये पर्किन नावाचा १८ वर्षांचा पोरगा घरच्या प्रयोगशाळेत मलेरियावरचं क्विनाईन बनवायला बसला होता. औषध काही झालं नाही, भांड्यात काळपट गाळ राहिला. त्याच्यातून जो रंग निघाला तो रेशमावर पक्का बसला, फिका जांभळा. डांबरातून निघालेल्या वस्तूपासून माणसाने बनवलेला हा पहिला गाजलेला कापडाचा रंग. म्हणजे माझा जन्मभराचा छळ एका कॉलेजच्या वयाच्या पोराच्या फसलेल्या प्रयोगातून सुरू झाला. मुलीला म्हटलं, तू तरी प्रयोग नीट कर बाई.

एकूण खर्च विचारतात म्हणून: नमुन्याचा लिटर ५४०, ४ लिटरचा डबा १,९८०, जिन्याचा लिटर ५६०, पुट्टी-प्रायमर वेगळं, मजुरीचे सहा दिवस, आणि शिवणखोलीची भिंत दोनदा. दिवे धरले तर साडेबारा हजारांच्या थोडं वर गेलं. शिवणखोलीचा वेडेपणा केला नसता तर हजार-बाराशे वाचले असते.

फोटो का टाकला नाही, हे राहिलं. नवरात्रात जांभळ्याच्या दिवशी आमच्या गल्लीतल्या नऊ जणी जिन्यात उभ्या राहिल्या, वरच्या सहा पायऱ्यांवर, ठिगळ नको म्हणून. नऊ साड्या, नऊ जांभळे. एक वाईन, एक वांगी, दोन निळ्याकडे गेलेले, एक तर सरळ गुलबक्षी. भिंतीशी जुळला तो फक्त सासूबाईंचा जुना विटका इरकली पदर, आणि त्या तर साडी न बदलता आल्या होत्या. फोटो काढला आणि गल्लीच्या ग्रुपवर टाकला, तर पहिलाच मेसेज आला, "भिंतीला राखाडी का दिला?" फोन स्वतःच्या मनाने रंग सारखा करून टाकतो, भडक साड्या समोर असल्या की हा बिचारा राखाडीत जातो. तीन फोनांतून काढून बघितला, तीन रंग आले, एकही माझा नाही.

तेव्हा ज्यांना खरंच बघायचाय त्यांनी फॉल लावायला एखादी साडी घेऊन या, सकाळी दहाच्या आत. बेडरूमचं दार उघडं असतं. यांची रात्रपाळी असेल तर मात्र कोनाड्यावरच भागवावं लागेल.